खाजगी दवाखान्याचा कायदा : बिदरला एक, उदगीरला दुसरा

नौबाद, भालकी, औराद भागातील आपल्या घरांत ताप-खोकल्याला बिदर पुरते. ऑपरेशन म्हटले की नातलग पाहून उदगीर, लातूर किंवा सोलापूर गाठले जाते. बिलावरून वाद झाला की मात्र तक्रार चुकीच्या दारी जाते. रुग्ण कुठला आहे याला महत्त्व नाही. दवाखाना ज्या राज्यात, त्या राज्याचा कायदा लागू होतो.

कर्नाटकात २००७ चा खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे. बोलताना सगळे त्याला 'के.पी.एम.ई.' म्हणतात. या कायद्याने दवाखान्याची नोंदणी सक्तीची केली. २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांचा मूळ मसुदा कडक होता. खाजगी डॉक्टरांनी राज्यभर संप केला, रुग्णांचे अतोनात हाल झाले, आणि नोव्हेंबरात बेळगावच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झाले ते बरेच सौम्य होऊन. सरकारने दर ठरवण्याची तरतूद सरकारी योजनांतील रुग्णांपुरतीच उरली. रोखीने पैसे भरणाऱ्याच्या बिलाला त्यामुळे सरकारने ठरवलेल्या दराची मर्यादा नाही. 'कायद्याने दर बांधून दिलेत' असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

तरी जे उरले तेही थोडके नाही. तातडीच्या रुग्णाला आगाऊ रकमेसाठी अडवता येत नाही. रुग्ण दगावला तर बाकीसाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. येणे नंतर वसूल करावे. दरपत्रक रुग्णाला पाहायला मिळाले पाहिजे. आपल्याकडे ते बहुधा कन्नड व इंग्रजीत असते, म्हणून घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी भरती होण्यापूर्वीच ते वाचून दाखवावे. तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण आहे, आणि जिल्हा आरोग्य अधिकारी त्याचे सदस्य-सचिव असतात. अर्ज लेखी द्यावा, बिलाची व डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी, पोच घ्यावी.

उदगीर-लातूरला यातले काही चालत नाही. तिथे १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. मृतदेह अडवण्यास तिथेही मनाई आहे. महापालिका हद्दीत तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे करायची.

योजनेचे कार्ड ही आणखी वेगळी गोष्ट. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. तेव्हा कार्ड हाती आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भरती होण्याआधी त्या दवाखान्यात ते चालते का, हे विचारून घ्यावे.