राजदूत ३५० की बुलेट ३५०? जपानी आणि इंग्रजी ताकदीतला फरक

अमेरिकेत मसल कार होत्या, आपल्याकडे फटफट्या. अमरावतीत आजही जुनी राजदूत ३५० दिसली की चहाच्या टपरीवर बुलेटवाल्यांशी वाद ठरलेलाच. तर आधी आकडे बघू.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये भारतात आणली. बुलेट मूळ इंग्लंडच्या रेडिचची, 1955 पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. राजदूतचं इंजिन 347 सीसी, बुलेटचं 346. म्हणजे सीसी सारखीच. पण राजदूतच्या हाय टॉर्क मॉडेलची ताकद साधारण 30 बीएचपी आणि जुन्या बुलेटची 18. हे कसं काय?

कारण सिलिंडरच्या मापात आहे. बुलेटला एकच सिलिंडर, 70 मिमी रुंद आणि पिस्टनची धाव 90 मिमी. एवढी लांब धाव असली की इंजिन फार वेगाने फिरवता येत नाही, पण कमी आरपीएमलाच ओढ मिळते. राजदूतला दोन सिलिंडर, प्रत्येकी 64 बाय 54 मिमी. धाव आखूड, म्हणून फिरकी जास्त. त्यात ती टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट. बुलेट फोर-स्ट्रोक, तिथे दोन फेऱ्यांत एक. दुप्पट स्फोट म्हणून ताकद दुप्पट होत नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. खिशाला चाट बसते ती इथेच.

चिखलदऱ्याच्या घाटात मी दोन्ही चालवल्यात. बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये डुगडुगत चढते, मागे माणूस बसलेला असला तरी. राजदूतला सहा गिअर, आणि खालच्या आरपीएमवर ती जरा मलूल वाटते. सुई वर गेली की मात्र हँडल घट्ट धरावं लागतं.

खरा मुद्दा उतारावर कळतो. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, राजदूतला ड्रम दिला. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग कमी, त्यामुळे सगळा भार ड्रमवर, आणि ड्रम तापला की पकड सुटते. ‘आरडी’चा ‘रॅपिड डेथ’ असा अर्थ लोकांनी लावला तो उगाच नाही. आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "पयते भल्ली, पण थांबाले सांगा लागते तिले." बुलेटचे ड्रमही काही फार भारी नाहीत, पण तिचा वेगच कमी.

जुनी राजदूत घेणार असाल तर आधी ऑईल पंप तपासा. टू-स्ट्रोकला पिस्टनचं ऑईल वेगळ्या टाकीतून पंपाने मिळतं. वऱ्हाडातल्या 45 अंशांच्या उन्हात हा पंप कमी पडला की पिस्टन जाम, आणि मागचं चाक जागीच लॉक. तसं झाल्याची शंका आली तरी लगेच क्लच दाबायचा. गाडी 15 वर्षांच्या वर असणारच, म्हणून आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही बघा.

जुनी बुलेट घेतलीत तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिले दोन दिवस मोकळ्या मैदानातच चालवा. मी पहिल्याच दिवशी ब्रेक समजून गिअर दाबला होता, आणि समोर म्हैस होती.