वायूवर तोललेली मोटार

मोटारीच्या मागल्या चाकांवर घरच्या घरीं हवेच्या रबरी पिशव्या बसविणारे हौशी लोक आज आढळतात. त्यांची अडचण जुनीच आहे. कमानी कडक ठेवाव्या, तर रिकामी गाडी आदळते. मऊ ठेवाव्या, तर माणसें व सामान चढतांच ती मागें बसते.

हा पेंच फ्रान्समध्यें सीत्रोएन कारखान्यांतील पॉल माझेस यानें सोडविला. १९२५ सालीं, सतराव्या वर्षीं, तो तेथें नोकरीस लागला. इंजिनियरीचें रीतसर शिक्षण त्यास नव्हतें. पोलादी गोळ्यांत रबरी पडदा, एका अंगास कोंडलेला नायट्रोजन, दुसऱ्या अंगास तेल. वायु जितका दाबावा तितका अधिक कडक होतो. पण खरी करामत झडपेंत आहे. ओझ्यानें गाडी खचली कीं ती उघडते, पंपाचें तेल आंत शिरतें आणि गाडी पूर्ववत् उंचीवर येते. नुसत्या पिशवींत हवा भरून हें साधत नाहीं.

१९५४ सालच्या ‘१५-सिक्स एच्’ मोटारीस ही योजना केवळ मागें बसविली; पुढें पिळल्या जाणाऱ्या जुन्या पोलादी दांड्याच राहिल्या. ओझ्याचा फरक मागेंच अधिक पडतो, म्हणून मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. पुढल्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आलेल्या ‘डीएस्’ गाडीच्या चारी चाकांस गोळे होते.