ख्रिश्चन कोअलिशन : कायदेविषयक अग्रक्रम

ख्रिश्चन कोअलिशन : अमेरिकेतील परंपरावादी ख्रिस्ती, मुख्यतः इव्हँजेलिकल पंथीय मतदारांची राजकीय संघटना. स्थापना १९८९. दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी प्रयत्न केला होता. आयोवात तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांना मागे टाकून त्यांनी दुसरे स्थान मिळवले, पण पुढे ते मागे पडले. त्या प्रचारात जोडलेली माणसे हेच नव्या संघटनेचे भांडवल होते. कार्यकारी संचालकपद राल्फ रीड या तिशीही न गाठलेल्या कार्यकर्त्याकडे आले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर संघटना सुमारे १७ लाख सदस्यांचा दावा करीत होती. तिच्या मागण्या बायबलमधून निघाल्या, असे तिचे समर्थक अभिमानाने आणि विरोधक भीतीने सांगत. या मागण्यांचा पुढचा प्रवास मात्र वेगळे सांगतो. श्रद्धेने विषय सुचवले हे खरे. त्यांतला कोणता आधी घ्यायचा, कोणत्या स्वरूपात मांडायचा आणि कोणता गाळायचा, हे वॉशिंग्टनमधील मतांच्या हिशेबाने ठरवले.

या हिशेबाचा सर्वांत स्पष्ट दस्तऐवज म्हणजे १७ मे १९९५ रोजी जाहीर झालेला ‘अमेरिकन कुटुंबाशी करार’. आदल्या वर्षी रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांच्या ‘अमेरिकेशी करार’ या जाहीरनाम्यावर रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले होते. त्या जाहीरनाम्यात गर्भपात किंवा शाळेतील प्रार्थना यांना स्थान नव्हते, तरी कोअलिशनने त्याच्यासाठी कंबर कसून काम केले. आता तिने आपले दहा मुद्दे पुढे ठेवले : सार्वजनिक ठिकाणी धार्मिक अभिव्यक्तीला संरक्षण देणारी घटनादुरुस्ती, संघीय शिक्षण खाते बंद करणे, खासगी शाळा निवडण्याची मुभा, पालकांचे हक्क, दर मुलामागे ५०० डॉलरची करसवलत, उशिराच्या गर्भपातांवर बंधने, खासगी धर्मादाय संस्थांना उत्तेजन, अश्लीलतेला आळा, कलांवरील सरकारी खर्च थांबवणे आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांना भरपाई. या दहा आज्ञा नाहीत, दहा सूचना आहेत, असे रीड यांनी सांगितले. धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटनेच्या तोंडी हे वाक्य यावे, यातच बरेच काही आले. गर्भपातावर सरसकट बंदीची मागणी यादीत नव्हती. समलिंगी संबंधांविषयी स्वतंत्र कलम नव्हते. पॅट ब्युकॅनन यांच्यासारख्या कडव्या नेत्यांनी या मवाळपणावर टीका केली. त्यांच्या दृष्टीने ती टीका रास्तच होती.

कलमांचे पुढे काय झाले ते पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते : कलमाला किती मते लागत होती, यावरून त्याचे भवितव्य जितके नेमके सांगता येते, तितके त्याच्या नैतिक वजनावरून सांगता येत नाही. करसवलत साध्या बहुमताचा विषय होता आणि ती डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांनाही नकोशी नव्हती. १९९७ च्या करकायद्यात ती आली. त्याच कलमातली, घर सांभाळणाऱ्या जोडीदाराला निवृत्तिखात्यात वर्षाला २,००० डॉलरपर्यंत ठेवण्याची मुभा त्याआधी, १९९६ मध्येच मिळाली होती. धार्मिक संस्थांना कल्याणकारी कामासाठी सरकारी पैसा घेता येईल अशी तरतूद त्याच वर्षीच्या कल्याण-सुधारणा कायद्यात शिरली. कलांना सरकारी पैसा देणारी नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही संस्था मात्र बंद झाली नाही. तिचा निधी १६ कोटी २० लाख डॉलरवरून १० कोटींच्या आत आला. उशिराच्या गर्भपाताच्या एका पद्धतीवर बंदी घालणारे विधेयक क्लिंटन यांनी १९९६ आणि १९९७ असे दोनदा नकाराधिकार वापरून परत पाठवले. अध्यक्ष बदलल्यावर २००३ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला. घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश मते हवी होती. ४ जून १९९८ रोजी प्रतिनिधिगृहात ती २२४ विरुद्ध २०३ अशी अडली. बहुमत होते, पुरेसे नव्हते. इंटरनेटवरील अश्लीलतेविरुद्धची कलमे १९९६ मध्ये सहज मंजूर झाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर ती रद्द केली. उलट, करारात नसलेला समलिंगी विवाहाचा विषय मते दिसताच पुढे आला : विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषापुरती मर्यादित करणारा कायदा १९९६ मध्येच सिनेटने ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत केला, आणि कोअलिशन त्याच्या पाठीशी उभी होती.

संघटनेची खरी ताकद सभागृहाबाहेर, मतदानाआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटल्या जाणाऱ्या मतदार-पत्रकात होती. एका कागदावर दोन्ही उमेदवारांची छायाचित्रे, मध्ये विषयांची उतरंड आणि प्रत्येक विषयासमोर ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’. कोणाला मत द्या, असे कुठेही लिहिलेले नसे. लिहायची गरजही नसे. गर्भपातासाठी करदात्यांचा पैसा या विषयाच्या शेजारीच समतोल अर्थसंकल्पाची घटनादुरुस्ती आणि प्राप्तिकरातील वाढ हेही विषय असत. अर्थसंकल्पातील तुटीविषयी बायबल काय म्हणते, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. चर्चमधला मतदार आणि करकपातवाला मतदार यांची मोट बांधणे हे या कागदाचे काम होते. अशा पत्रकांवरून संघीय निवडणूक आयोगाने १९९६ मध्ये संघटनेवर दावा लावला. १९९९ मध्ये न्यायालयाने बहुतांश मुद्द्यांवर संघटनेच्या बाजूने निकाल दिला. करखात्याने मात्र त्याच वर्षी तिला करमुक्त दर्जा नाकारला.

यावर एक आक्षेप असा की, हिशेब तर प्रत्येकच दबावगट करतो; शेतकरी संघटना करते, कामगार संघटना करते, मग याच संघटनेला वेगळा न्याय का? हिशेब करण्यात गैर काहीच नाही. फरक एवढाच की वेतनाची मागणी अर्धी मान्य झाली तर कामगार नेता तडजोड झाल्याचे उघड सांगतो, तर इथे तडजोडीची यादीही श्रद्धेचे माप म्हणून मतदारांपुढे ठेवली जात होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गर्भपाताच्या घटनात्मक हक्काचा १९७३ चा निर्णय २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, म्हणजे पायरीपायरीने जाण्याची ही चाल अखेर फळली. फळली खरी, पण ती न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या मार्गाने, आणि त्या दहा कलमांत त्या नेमणुकांचा मुद्दाच नव्हता. रीड १९९७ मध्ये संघटना सोडून गेले, रॉबर्टसन २००१ मध्ये. निकाल आला तेव्हा संघटनेचा पूर्वीचा दबदबा केव्हाच ओसरला होता.

श्रद्धेने हिशेब मोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय झाले, हेही नोंदलेले आहे. २००३ मध्ये अलाबामाचे रिपब्लिकन गव्हर्नर बॉब रायली यांनी गरिबांवरील कर कमी करून सधनांवरचा वाढवण्याची योजना मांडली. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ४,६०० डॉलर उत्पन्नापासूनच प्राप्तिकर लागणे ख्रिस्ती नीतीला धरून नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. राष्ट्रीय कोअलिशनने पाठिंबा दिला, तिच्याच अलाबामा शाखेने विरोध केला आणि सार्वमतात योजना पडली. २००६ मध्ये कोअलिशनचे नियोजित अध्यक्ष जोएल हंटर यांना दारिद्र्य आणि पर्यावरण हे विषय यादीत आणायचे होते. ते जमणार नाही हे दिसताच पदभार घेण्याआधीच ते बाजूला झाले.

भारतीय वाचकाला या संघटनेची झळ किंवा लाभ अप्रत्यक्षपणे दिसतो तो एका कायद्यातून. परदेशांतील धार्मिक छळाविरुद्धच्या कायद्याचा तिने १९९७-९८ मध्ये जोरदार पाठपुरावा केला. ऑक्टोबर १९९८ मध्ये झालेल्या त्या कायद्यातल्या तरतुदीवर बोट ठेवून अमेरिकेने २००५ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा आधी दिलेला व्हिसा रद्द केला.

दहा कलमांतले सर्वांत टिकाऊ यश पालकांच्या हक्कांखाली दडले आहे : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला विरोध. आंतरराष्ट्रीय कराराला सिनेटची दोनतृतीयांश मते लागतात, म्हणजे तो अडवायला एकतृतीयांशाहून थोडी जास्त मते पुरतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेने संहितेवर सही केली, पण कोणत्याही अध्यक्षाने ती सिनेटपुढे मांडलेली नाही. ती मान्य न केलेला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य देश आज एकच आहे, अमेरिका.