उपविधानाची संसदीय छाननी आणि विधिभाषेची सुबोधता

विधिमंडळ अधिनियम संमत करते. परंतु सामान्य नागरिकाचा संबंध बहुधा अधिनियमाशी येत नाही, तो येतो त्याखाली काढलेल्या नियमांशी, आदेशांशी व अधिसूचनांशी. अर्ज कोणत्या नमुन्यात करावयाचा, शुल्क किती भरावयाचे, मुदत कोणत्या दिवशी संपते, हे सारे तेथे ठरते. हा मजकूर लोकप्रतिनिधी लिहीत नाहीत. शासनाची खाती लिहितात. साहजिकच त्याविषयी दोन प्रश्न उद्भवतात. खात्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली आहे काय, हा पहिला. आणि त्याने जे लिहिले ते ज्याला पाळावयाचे आहे त्यास उमगते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली आहे. दुसरा मात्र भाषासौष्ठवाचा, म्हणून गौण, मानला जातो. छाननी समित्यांचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही.

इंग्लंडात ह्या वादाला तोंड फुटले ते १९२९ साली. सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट ह्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खात्यांच्या वाढत्या नियमाधिकाराला नवी हुकूमशाही ठरविले. त्याच वर्षी मंत्र्यांच्या अधिकारांचा विचार करण्यासाठी डोनमोर समिती नेमण्यात आली. तिने १९३२ च्या अहवालात प्रत्येक सभागृहाने अशा विधानाच्या तपासणीसाठी एक स्थायी समिती नेमावी अशी शिफारस केली. पण कॉमन्स सभेत ती बारा वर्षे पडून राहिली. तिला चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धकाळात नियंत्रणाच्या हुकुमांना ऊत आला आणि त्यांच्या दुर्बोधतेची उदाहरणे प्रसिद्ध झाली. डबे, पिंपे इत्यादींच्या नियंत्रणाचा एक हुकूम त्यांत विशेष गाजला. आधीच्या दुरुस्त हुकुमाच्या अनुसूचीतील ‘२अ’ ह्या निर्देशाच्या जागी ‘२अ(१)’ घालावे, असे त्याच्या विधायक भागात म्हटले होते. तंबाखू व तपकीर ह्यांच्या डब्यांसाठी कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा वापरण्याशी ह्या अक्षरांचा संबंध आहे, हे मूळ वाक्यावरून कोणासही कळणे शक्य नव्हते. पुढे असेही आढळून आले की, राष्ट्रीय अग्निशमन सेवेचे नियम कायद्याप्रमाणे संसदेपुढे ठेवावयाचे असता ते ठेवलेच गेले नव्हते. ह्या चुकीच्या परिमार्जनासाठी १९४४ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला. त्याच वर्षी २१ जून रोजी कॉमन्स सभेने छाननी समिती नेमली.

समितीचे कार्यक्षेत्र जाणीवपूर्वक आखडते ठेवले होते. हुकुमामागील धोरण योग्य की अयोग्य, ह्याविषयी तिने बोलावयाचे नव्हते. सार्वजनिक तिजोरीवर भार, न्यायालयांच्या अधिकाराला प्रतिबंध, अधिकाराचा असामान्य किंवा अनपेक्षित वापर, प्रसिद्धीत अथवा सभागृहापुढे ठेवण्यात अकारण विलंब ह्या गोष्टींकडे सभागृहाचे लक्ष वेधणे, हे तिचे काम. ह्या आधारांच्या शेवटी आणखी एक होता: काही विशेष कारणामुळे हुकुमाचे रूप किंवा आशय स्पष्टीकरणाची अपेक्षा करीत असेल तर. ह्या वाक्यात स्पष्टीकरण कोणास हवे ते सांगितलेले नाही. सभासदास, न्यायाधीशास की हुकूम पाळणाऱ्या दुकानदारास? व्याकरणाने मोकळ्या सोडलेल्या ह्या जागेतच पुढील सर्व प्रश्नाचे बीज आहे.

भारतात अशी समिती असावी ही सूचना १९५० साली संसदेत विधिमंत्री डॉ. आंबेडकर ह्यांनी केली. मुंबई विधानसभेचे एके काळचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे अध्यक्ष असताना, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेची ही समिती अस्तित्वात आली. राज्यसभेने आपली समिती १९६४ साली नेमली. लोकसभेच्या समितीत पंधरा सभासद असतात व मंत्र्यास तीत स्थान नसते. तिच्या तपासणीचे आधार सभागृहाच्या कार्यनियमांतील ३२० व्या नियमात आहेत. त्यांवर इंग्रजी नमुन्याची छाया स्पष्ट दिसते; परंतु स्पष्टीकरणाचा आधार उतरवून घेताना ‘विशेष’ हे विशेषण गळाले आहे. आता कोणतेही कारण पुरते. एक शब्द कमी झाल्याने समितीचा अधिकार विस्तारला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे दोन खटल्यांवरून दिसून येईल. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी ठरावाने अफूविषयक कायदा केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरला नामक इसमास पन्नास रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ही शिक्षा रद्द केली. लोकांस जाणून घेण्याची काही वाजवी सोय नसलेला कायदा त्यांच्यावर लादणे नैसर्गिक न्यायास धरून नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ होता. दुसरा खटला महाराष्ट्राचा. परदेशी सोने विमानाने मुंबईमार्गे नेण्यावर निर्बंध घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी राजपत्रात आली. चारच दिवसांनी झुरिकहून मनिलाला निघालेला एक प्रवासी चौतीस किलो सोन्यासह मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने दोषी ठरविले, मात्र शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी केली. भारतात राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी आहे, आरोपीस प्रत्यक्ष ज्ञान असण्याची गरज नाही, असे बहुमत होते. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की, न्यायालय प्रसिद्धीची हमी मागते, आकलनाची नव्हे. राजपत्रात छापलेले पण न उमगणारे वाक्य आणि कपाटात राहिलेला ठराव ह्यांत वाचकाच्या दृष्टीने अंतर थोडेच. हे अंतर भरून काढण्याचे काम म्हणूनच समितीकडे येते.

उपविधानातील दुर्बोधता मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली वाक्यरचनेची: अपवादाच्या पोटात अपवाद. दुसरी निर्देशाची: वर उल्लेखिलेल्या डब्यांच्या हुकुमाप्रमाणे अर्थ दुसऱ्याच कागदावर असणे. तिसरी संदिग्धतेची: ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ अशा शब्दांनी निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणे. पहिल्या दोहोंवर भाषिक उपाय आहे. दुरुस्तीच्या अधिसूचनेखाली मूळ नियम कोणत्या क्रमांकाने व केव्हा प्रसिद्ध झाले हे तळटीपेत द्यावे, हा लोकसभेच्या समितीने धरलेला आग्रह दुसऱ्या प्रकारावरील साधा पण गुणकारी इलाज होय. तिसरा प्रकार मात्र भाषेचा वेष घेतलेला अधिकाराचा प्रश्न आहे. ‘योग्य’ म्हणजे काय, असे विचारताच अधिकाराची मर्यादा विचारली जाते. धोरणावर बोलण्यास मनाई असलेली समिती स्पष्टीकरण मागूनच अधिकाराला आवर घालू शकते.

तथापि एक उणीव राहते. समितीने विचारले, खात्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर अहवालात गेले, म्हणजे स्पष्टीकरण झाले; पण कोणासाठी? नियम पाळणारा मनुष्य अहवाल वाचीत नाही. इंग्लंडात हुकुमांच्या अखेरीस स्पष्टीकरणात्मक टीप छापण्याचा प्रघात पडला, परंतु ती हुकुमाचा भाग नाही असे तिच्यावरच लिहिलेले असते. म्हणून खात्याचे उत्तर समाधानकारक असले तरी, त्या उत्तरातील शब्द नियमात उतरले की नाहीत, हीच छाननीची खरी कसोटी मानली पाहिजे.

मराठी वाचकाच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण होते. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, राज्याच्या विधिमंडळाने नियमांसाठी दुसरी भाषा विहित केली तरी राजपत्रात प्रसिद्ध होणारा इंग्रजी अनुवाद अधिकृत पाठ समजला जातो. मराठी पाठ शेतकऱ्याच्या हाती, आणि निर्णायक अर्थ इंग्रजी पाठात, अशी ही स्थिती आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या उपविधान समितीपुढे येणाऱ्या नियमांत दोन्ही पाठ एकच गोष्ट सांगतात काय, हे पाहणे म्हणजे भाषांतराची तपासणी नव्हे. ज्या नियमाखाली दंड होणार तो नियम नागरिकास खरोखर सांगितला गेला की नाही, ह्याची ती तपासणी आहे.