निद्राहीन रात्रींची बखर

पुंगीवाल्याने उंदरांच्या मागोमाग गावातली पोरेही पळवून नेली, ती गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ते हामेल्न गाव जर्मनीत खरोखरच आहे. त्याच गावची एक सून इतिहासाला ठाऊक आहे, पण ती एका निराळ्याच कारणासाठी. तिचे नाव ग्लिकेल. वैधव्याच्या दुःखाने झोप येईना म्हणून तिने रात्री जागून आपली जीवनकथा लिहिली, आणि त्यामुळे सतराव्या शतकातील एका विधवेचा संसार आज आपल्याला तिच्याच तोंडून ऐकावयास मिळतो.

ग्लिकेलचा जन्म १६४६ च्या सुमारास हॅम्बुर्ग शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. बाराव्या वर्षी वाङ्‌निश्चय झाला आणि चौदाव्या वर्षी हामेल्नच्या हायिम नावाच्या मुलाशी लग्न झाले. वर्षभर सासरी राहून जोडपे हॅम्बुर्गला परतले. हायिम दारोदार हिंडून जुने सोने विकत घेई. पुढे मोत्यांचा व्यापार वाढला आणि बारा मुलांनी घर भरले. या घराची एक रीत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धंद्यातली लहानमोठी प्रत्येक गोष्ट हायिम पत्नीला सांगे आणि तिचा सल्ला घेई. भागीदारीच्या कराराचा मसुदा एकदा खुद्द ग्लिकेलनेच तयार केला होता!

१६८९ च्या जानेवारीत हायिम कामासाठी जात असता एका टोकदार दगडावर पडला. ते दुखणे जिवावर बेतले. धर्मनियमाप्रमाणे त्या दिवसांत पत्नीने पतीला शिवावयाचे नसे. ग्लिकेलने त्याला कवटाळण्याची परवानगी मागितली, तेव्हा तिचे स्नान आता लवकरच होईल, असे म्हणून त्याने तिला थांबविले. तिचे स्नान होण्यापूर्वीच तो गेला. ही हुरहुर तिला जन्मभर पुरली. मृत्युशय्येवर त्याला विचारण्यात आले, की मागची व्यवस्था कोणावर सोपवावयाची? आपल्या पत्नीला सर्व ठाऊक आहे, तीच पाहील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

त्या काळच्या युरोपात स्त्री आधी पित्याच्या आणि मग पतीच्या छत्राखाली राही. इंग्लंडच्या कायद्याला तर विवाहित स्त्रीचे वेगळे अस्तित्वच मान्य नव्हते. पती निवर्तला, की तीच स्त्री स्वतःच्या नावाने करार करू शके आणि न्यायालयात उभी राहू शके. पतीच्या जमिनीपैकी एक तृतीयांशावर तिचा हयातभर हक्क असे. अनेक जर्मन शहरांत कारागिराच्या विधवेला त्याचा कारखाना पुढे चालविता येई, पण तो बहुधा ठराविक मुदतीपर्यंत किंवा ती पुन्हा लग्न करीपर्यंतच. ज्यूंचा कुटुंबविषयक कायदा वेगळा होता. त्यांच्या विवाहपत्रातच विधवेला द्यावयाची रक्कम लिहिलेली असे. एकूण काय, तर स्वातंत्र्य यावयाचे ते दुःखाचा हात धरूनच.

परंतु हे स्वातंत्र्य गाठीला चार पैसे असणारीचे! एकाकी म्हातारीची गत काय होई, ते सुप्रसिद्ध ज्योतिर्विद केप्लर याच्या आईवरून कळते. तिचा नवरा लष्करात गेला तो परतलाच नाही. १६१५ मध्ये तिच्यावर चेटूक केल्याचा आरोप आला. १६२० मध्ये तिला पकडण्यात आले आणि सत्तरी उलटलेली ती बाई चौदा महिने साखळदंडात पडली. मुलाने खटपट केली म्हणून १६२१ मध्ये ती सुटली, पण पुढल्याच वर्षी वारली.

ग्लिकेलच्या पदरी तेव्हा लग्नाची आठ मुले होती आणि डोक्यावर कर्जाचा बोजा होता. तिने मालाचा लिलाव करून देणेकऱ्यांची पै न् पै चुकती केली. मग ती पदर खोचून उभी राहिली. मोती पारखून, निवडून ती विकू लागली. तिने मोजे विणण्याचा कारखाना काढला आणि हॉलंडहून माल आणविला. वर्षातून दोनदा ती ब्राउन्श्वाइगच्या जत्रेला जाई. एका मुलाचे दिवाळे निघाले, तेही तिने निस्तरले. एकामागून एक मुलांची लग्ने लावली. आणि १६९१ पासून रात्री दिव्याशी बसून ती यिद्दिश भाषेत लिहू लागली.

अकरा वर्षे तिने अशी काढली. म्हातारपणी मुलांवर भार नको, या विचाराने १७०० मध्ये तिने मेट्झ येथील हिर्श लेव्ही या धनाढ्य सावकाराशी लग्न केले. घरात नोकरचाकर होते, सोन्याचांदीची भांडी होती. नवरा मात्र रात्री उसासे टाकी आणि कारण विचारले तर काही नाही म्हणे. १७०२ मध्ये त्याचे दिवाळे वाजले आणि त्यात ग्लिकेलचाही पैसा बुडाला. १७१२ मध्ये ती दुसऱ्यांदा विधवा झाली. या वेळी हाती काहीच उरले नव्हते. आपल्या कष्टाची भाकरी सोडावयाची नाही, म्हणून तीन वर्षे तिने लेकीच्या घरी जाण्याचे नाकारले. अखेर १७१५ मध्ये ती गेली, आणि लेक-जावयांनी तिला मोठ्या मानाने ठेवले. १७२४ मध्ये ती वारली. मुलाने केलेल्या नकलेवरून तिचे पुस्तक १८९६ मध्ये छापले गेले. १९१० मध्ये बेर्था पापेनहाइम या समाजसेविकेने त्याचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले.

वाचकहो, ही एकच स्त्री दोनदा विधवा झाली. पहिल्या वेळी तिने जहाज वाचविले, दुसऱ्या वेळी ते तिच्या देखत बुडाले. तिची हुशारी काही मधल्या काळात आटली नव्हती. पहिल्या पतीने हिशेबाच्या वह्या तिच्यासमोर उघड्या ठेवल्या होत्या, तर दुसऱ्याने उसाशांचे कारणदेखील तिला सांगितले नाही. कायद्याने विधवेला हक्क दिले खरे, परंतु ते पेलण्याचे बळ तिला मिळाले ते सौभाग्याच्या दिवसांत, नवरा-बायको हिशेब करीत एका मेजाशी बसत तेव्हा.