असेंबल्ड संगणक : प्रोसेसर आणि सुटे भाग कसे निवडावेत?

मुलाची दहावी झाली, घरातून काम करण्याची वेळ आली किंवा जुना संगणक अगदीच मंदावला, की घरात नव्या संगणकाची चर्चा सुरू होते. नामांकित कंपनीचा तयार संगणक घ्यावा, की सुटे भाग निवडून 'असेंबल्ड' संगणक जुळवून घ्यावा, हा प्रश्न तेव्हा हमखास पुढे येतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठा याच दुसऱ्या पर्यायावर वाढल्या. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भाग आपल्या गरजेनुसार निवडता येतो, बिघडल्यास तेवढाच बदलता येतो आणि पुढे क्षमता वाढवता येते. मात्र हे भाग एकमेकांशी जुळणारे नसतील, तर एका चुकीमुळे दोन-तीन वस्तूंचा खर्च वाया जातो. म्हणूनच दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

आधी काम, मग कॉन्फिगरेशन

'चांगला संगणक किती रुपयांना येईल?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कोणत्या कामासाठी?' हे ठरल्यावरच उत्तर मिळते. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग हे हलके काम झाले. प्रोग्रॅमिंग, छायाचित्रांचे संपादन, डीटीपी हे मध्यम काम. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय रचना आणि आधुनिक खेळ हे जड काम. हलक्या कामासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे हा जसा अपव्यय, तसाच व्हिडिओ संपादनासाठी सर्वांत स्वस्त प्रोसेसर घेणे हाही अपव्ययच होय. खर्चाची मर्यादा ठरवताना मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचाही हिशेब धरावा. बहुतांश सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे सांगितलेला भाव करासह आहे की कराविना, हेही विचारून घ्यावे.

प्रोसेसर : केवळ गिगाहर्ट्झ पाहू नका

एकेकाळी प्रोसेसरची ताकद गिगाहर्ट्झमध्ये मोजली जाई. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. तथापि उष्णता इतकी वाढू लागली, की ४ गिगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. एकाच शेगडीची आच वाढवत नेण्याऐवजी दोन शेगड्या पेटवाव्यात, तसा हा बदल होता. म्हणूनच आज कोअरची संख्या, प्रत्येक कोअरची कार्यक्षमता, कॅश मेमरी आणि विजेचा वापर या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, अनेक प्रोसेसरमध्ये जलद कोअर आणि काटकसरी कोअर असे दोन प्रकार एकत्र असतात. त्यामुळे कोअरचा नुसता आकडा दोन कंपन्यांमध्ये तुलनेला पुरत नाही.

नावातील आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. 'आय ५-१२४००' यातील १२ हा आकडा पिढी दर्शवतो. 'आय ७' म्हणजे नेहमीच 'आय ३'पेक्षा वेगवान, हा समज चुकीचा आहे. २०१७ चा आय ७-७७०० के आणि नंतरचा आय ३-१२१०० या दोहोंतही चार कोअर आहेत. तरीही बहुतेक कामांत नवा आय ३ सरस ठरतो. 'आय ७ संगणक, अगदी स्वस्तात' अशी जाहिरात दिसली, की पिढी कोणती, हा पहिला प्रश्न विचारावा. इंटेलने अलीकडे नावातील 'आय' वगळला असून, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेले डेस्कटॉप प्रोसेसर 'कोअर अल्ट्रा' या नावाने विकले जातात.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडेही दुर्लक्ष करू नये. 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, परंतु वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलमध्ये 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची मुभा. एएमडीच्या रायझन मालिकेत 'जी' म्हणजे तुलनेने सक्षम अंतर्गत ग्राफिक्स, तर 'एक्स ३ डी' म्हणजे वाढीव कॅश, जिचा लाभ मुख्यतः खेळांना होतो. रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही आणि ५६०० जीमध्ये आहे. एका अक्षराने घरी आणलेला संगणक सुरू होणे वा न होणे ठरते, ते असे.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही उच्च क्षमतेच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीचा प्रोसेसर, विशेषतः वापरलेला, घ्यायचा असल्यास मदरबोर्डचे बायोस अद्ययावत असल्याची खात्री करून घ्यावी.

मदरबोर्ड : सॉकेट जुळलेच पाहिजे

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो, ते सॉकेट. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीसाठी एलजीए १७००, तर कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे सॉकेट लागते. एएमडीच्या जुन्या रायझनसाठी एएम ४ आणि २०२२ पासूनच्या रायझन ७००० व पुढील मालिकांसाठी एएम ५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. पुढे केवळ प्रोसेसर बदलून क्षमता वाढवण्याचा विचार असेल, तर सॉकेटचे उरलेले आयुष्यही पाहावे. एलजीए १७०० ची वाटचाल १४ व्या पिढीवर थांबली. एएम ५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

सॉकेटनंतर चिपसेट. इंटेलमध्ये एच ६१० हा किफायतशीर, बी ७६० मध्यम आणि झेड ७९० उच्च श्रेणीचा. एएमडीत ए ६२०, बी ६५० आणि एक्स ६७० अशी चढती भाजणी आहे. साधा प्रोसेसर असताना झेड मालिकेचा बोर्ड घेण्यात अर्थ नाही. इंटेलमध्ये ओव्हरक्लॉकिंग करायचे असेल, तरच त्याची गरज पडते. बोर्ड जुन्या साठ्यातील असेल, तर सॉकेट जुळूनही नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. अशा वेळी दुकानदाराकडूनच बायोस अद्ययावत करून घ्यावे.

बोर्डचा आकारही कॅबिनेटशी जुळावा लागतो. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस, तर मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस असतो. घरगुती वापरासाठी मायक्रो एटीएक्स हा सहसा पुरेसा आणि परवडणारा पर्याय ठरतो.

मेमरी आणि साठवण

डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही रॅमना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असल्याने त्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. एएम ५ आणि एलजीए १८५१ यांना डीडीआर ५ च लागते. एएम ४ ला डीडीआर ४. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून बोर्डावर काय लिहिले आहे ते वाचूनच रॅम घ्यावी. आज नव्या संगणकात १६ जीबी रॅम असावी. ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घेतल्यास दोन्ही मार्गांनी माहितीची ने-आण होऊन वेग वाढतो. अंतर्गत ग्राफिक्स वापरणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवतो. पुढे रॅम वाढवायची असल्यास चार खाचांचा बोर्ड पाहावा. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा जुन्या अंदाजपत्रकावर विसंबून न राहता ताजा भाव विचारावा.

साठवणीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवरच असावी. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वेग देते. एनव्हीएमई प्रकारात पीसीआय एक्स्प्रेस ३ वर सुमारे ३,५०० आणि ४ वर सुमारे ७,००० मेगाबाइटपर्यंत वेग मिळू शकतो. एम-२ आकाराच्या काही पट्ट्या आतून साटाच असतात, हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रे आणि चित्रफितींच्या मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क आजही स्वस्त पडते. अर्थात महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र हवीच.

एसएमपीएस : येथे काटकसर नको

गिऱ्हाईक प्रोसेसरवर खर्च करते आणि वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसवर हात आखडते, ही नेहमीची गोष्ट आहे. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट अनेकदा कागदावरचेच असतात. तो बिघडताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. आय ५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी पूर्ण भाराखाली तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० कार्ड आणि इतर भागांचे सुमारे ६० वॅट धरल्यास बेरीज २९२ होते. क्षणिक वाढीसाठी मोकळीक ठेवून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस योग्य ठरेल. ग्राफिक्स कार्ड नसल्यास ४५० वॅट पुरेसे आहेत.

'८० प्लस' हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र कार्यक्षमता दाखवते. ३०० वॅटच्या भारासाठी ८० टक्के कार्यक्षम एसएमपीएस ३७५ वॅट खेचतो, ९० टक्क्यांचा सुमारे ३३३. दररोज सहा तास असा वापर झाल्यास पाव युनिट वीज वाचते. मात्र हे प्रमाणपत्र विद्युत सुरक्षेची हमी देत नाही. त्यासाठी अतिभार आणि शॉर्टसर्किटपासूनचे संरक्षण, तसेच वॉरंटीची वर्षे पाहावीत.

आपल्याकडे वीज खंडित होणे, दाब कमी-जास्त होणे हे नित्याचे आहे. त्यामुळे यूपीएस आवश्यकच. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसचे चौकोनी लहरींच्या स्वस्त यूपीएसशी जमत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. खरेदीपूर्वी दोन्हींची जुळणी विचारावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा भिंतीतील जोडणीत असतो. तिसरी पिन तोडून किंवा दोन पिनांचा प्लग लावून संगणक चालवणे जिवावर बेतू शकते. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

कॅबिनेट आणि हवा

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे काचबंद, देखण्या परंतु हवा न खेळणाऱ्या कॅबिनेटपेक्षा जाळीदार पुढा आणि निदान दोन पंखे असलेले साधे कॅबिनेट बरे. धूळ गाळणारी जाळी काढून धुता यावी. ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, हे मोजून पाहावे.

ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा रायझन २००० व पुढील प्रोसेसर लागतो. स्वस्तातील जुने संगच घेणाऱ्यांनी ही अट विसरू नये. परवान्याचा खर्च टाळायचा असेल, तर चोरीच्या प्रतीऐवजी उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली निवडावी. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हींत उपलब्ध आहेत.

खरेदी करताना

सुटे भाग शक्यतो सीलबंद खोक्यातच घ्यावेत. इंटेल आणि एएमडीच्या खोकाबंद प्रोसेसरना सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे' प्रकारात ती कोण आणि किती देणार, हे लेखी घ्यावे. जीएसटी क्रमांकाच्या पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. बिलाविना मिळणारी सवलत पुढे वॉरंटीच्या वेळी महाग पडते. खोकीही जपून ठेवावीत. जुळणी दुकानातच करून घेतल्यास संगणक सुरू करून रॅम, एसएसडीची क्षमता आणि प्रोसेसरचे नाव बायोसमध्ये स्वतः पाहावे. रॅमचा जाहीर वेग मिळवण्यासाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय बायोसमध्ये सुरू करावी लागते, तेही तेथेच सांगून करून घ्यावे. ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर कार्डला जोडावी.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा : काम, प्रोसेसर, त्याला जुळणारा बोर्ड, बोर्डाला जुळणारी रॅम, एसएसडी, गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड आणि या साऱ्यांना पेलणारा एसएमपीएस. ही यादी कागदावर उतरवून दोन-तीन दुकानांतून करासह भाव लिहून घ्यावेत. दुकानदार एखादा भाग बदलून सुचवील, तेव्हा सॉकेट, रॅमचा प्रकार आणि वॅट या तीन गोष्टी पुन्हा ताडून पाहाव्यात. एवढी दक्षता घेतली, तर असेंबल्ड संगणक अनेक वर्षे निर्वेधपणे साथ देतो.