बरे झालेले मूत्रपिंड

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदीच्या दोन्ही अंगांस काळ्या मातीत कपाशी उभी असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात मोडत. म्हणून तेलुगू व गोंडी यांच्याबरोबर मराठीही या भागात कानी पडते. भाषा निरनिराळ्या असल्या तरी पावसाळ्यातील एक भय सर्वांना सारखेच असते. निंदणी करताना पायाखाली घोणस येईल, हे ते भय होय.

घोणशीचे विष भिनले म्हणजे रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. कित्येकांचा रक्तदाब उतरतो आणि पुढील एक-दोन दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडते. रुग्णालयात प्रतिविष टोचतात. तेवढ्याने भागले नाही तर डायलिसिसच्या यंत्राने रक्त शुद्ध करतात. मग एके दिवशी लघवी सुटते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. वेचणीच्या हंगामापर्यंत रोगी पुन्हा रानात दिसू लागतो. संकट टळले, असे घरचे समजतात. या समजुतीबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, कारण कित्येक दशके वैद्यकशास्त्राचीही जवळजवळ हीच समजूत होती.

ही समजूत कशी रूढ झाली, हे पाहण्यासाठी १९४१ सालच्या लंडनकडे वळावे लागते. बाँबवर्षावात कोसळलेल्या घरांखालून काढलेली काही माणसे आरंभी बरी दिसत. परंतु थोड्याच दिवसांत त्यांची लघवी आटे आणि ती दगावत. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केले. चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेली द्रव्ये मूत्रपिंडास घातक ठरत होती. जे थोडे कठीण दिवस पार करीत, त्यांची लघवी मात्र परत सुरू होई. याच युद्धकाळात हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले आणि १९४५ साली त्याच्या साहाय्याने ६७ वर्षांची एक स्त्री वाचली.

त्या काळी प्रश्न जगण्यामरण्याचा होता. यंत्राने काही आठवडे निभावून नेले की मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांच्या पेशी पुन्हा वाढतात, हे दिसून आले होते. त्यामुळे जो वाचला तो बरा झाला, असा हिशेब सहजच मांडला गेला. भारतात चंडीगडचे डॉ. किरपालसिंग चुग यांनी सर्पदंशाने निकामी होणाऱ्या मूत्रपिंडांचा बारकाईने अभ्यास केला. काही रुग्णांत मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मृत होतो व ती हानी भरून येत नाही, हेही पुढे आले. परंतु असे रुग्ण अपवादात्मक मानले गेले.

या समजुतीला मोठा तडा गेला तो एकविसाव्या शतकात. रुग्णालयांच्या नोंदी वर्षानुवर्षे जुळवून पाहणे तोवर शक्य झाले होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, तीव्र इजेपायी डायलिसिस लागून घरी गेलेल्या रुग्णांचा असा मागोवा घेतला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, त्यांना पुढे कायमचे डायलिसिस लागण्याचा धोका इतरांच्या तिपटीहून अधिक होता. २०१२ साली तेरा अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यात, तीव्र इजा झालेल्यांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडण्याचा धोका जवळजवळ नऊपट आढळला.

लघवी पूर्ववत झाल्यावर मूत्रपिंड का बिघडावे, असे कोणी विचारील. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील काही कायमच्या गेल्या तर उरलेल्यांवर अधिक भार येतो. हा वाढीव भारच पुढे त्यांना झिजवितो, हे बोस्टनच्या ब्रेनर प्रभृतींनी १९८२ साली मांडले होते. बोस्टनमध्येच २०१० साली उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. इजा झालेल्या नलिकांतील काही पेशी दुरुस्तीच्या कामात मधेच अडकतात, विभागू शकत नाहीत, आणि भोवती तंतुमय व्रण वाढविणारी द्रव्ये सोडीत राहतात. त्यातच बारीक रक्तवाहिन्या विरळ झाल्या की रक्तपुरवठा घटतो व व्रण पसरतो. हे सारे मुकाट्याने चालते. पायांस सूज येईपर्यंत वा धाप लागेपर्यंत बराच भाग निकामी झालेला असू शकतो.

प्रत्येक रोग्याची वाट अशीच जाते असे नाही. पुष्कळजण खरोखर बरे होतात. कोण बरा झाला व कोण नाही, हे मात्र लघवीच्या प्रमाणावरून ओळखता येत नाही. म्हणून तीव्र इजेनंतर तीन महिन्यांनी रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने व रक्तदाब तपासावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २०१२ पासून सांगते. सर्पदंशाप्रमाणेच जोरदार जुलाब, मलेरिया किंवा बाळंतपणातील रक्तस्राव यांमुळे मूत्रपिंड बंद पडले असेल, तरीही हाच नियम लागू आहे.

आदिलाबाद शहरात २००८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या तपासण्यांना मोठी यंत्रे लागत नाहीत. अडचण आहे ती पाड्यावरून पुन्हा शहर गाठण्याची, बुडणाऱ्या मजुरीची, आणि बऱ्या दिसणाऱ्या माणसाने रुग्णालयात कशाला जावे या प्रश्नाची. घरी परतणाऱ्या रोग्याच्या कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख ठळक लिहिलेली असावी, आणि अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, हे त्याच्या घरच्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलेले असावे. ती तारीख बहुधा वेचणीच्या धामधुमीत येईल. तरीही त्या दिवशी एका माणसाची मजुरी बुडू द्यावी, हे बरे.